पालथा कप

बर्गरच्या हॉटेलात हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून माझी आई कागदाचा कप धूत होती. मागे सात माणसं हसत होती. सात, हे मी मोजून सांगतो. तीन पोरं, दोन पोरी, एक बाई आणि काउंटरमागचा टोपी घातलेला एक जण. आठवा मी. मीही हसलो.

तोंड उघडून हसलो नाही. ओठ ताणले. आपलं माणूस भोळं आहे, माझा इलाज नाही, हे चारचौघांना कळावं म्हणून माणूस हसतो, तसं.

"ए, बघ की बे, म्हातारी कागदाचा कप धुवलालीय!" एक पोरगा म्हणाला.

"राहू दे बे, उद्या परत वापरंल."

आईला ऐकू आलं नसावं. तिनं कप तीन वेळा खळखळून धुतला. ओला होऊन तो मऊ पडला होता, तरी तिनं झटकला. मग तो दोन्ही हातांत धरून हॉलमधून चालत गेली. काचेचं दार खांद्यानं ढकललं. बाहेर पायरीच्या कडेला, झाडाच्या कुंडीशेजारी ती वाकली आणि तिथं तो कप पालथा घातला. हात पदराला पुसले. आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसली.

"झालं," ती म्हणाली. "आता निगायचं का?"

माझी मुलगी प्रज्ञा तिच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे.

"पप्पा, आजीनं असं का केलं?"

मी म्हणालो, "खा तू."

रविवारची दुपार होती. बाहेर एप्रिलचं सोलापूर, म्हणजे डांबराला चप्पल चिकटत होती. आत इतकं गार की आईनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता. प्रज्ञाला कॉलेजच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि तिनं एकच मागितलं. "आजीला घेऊन एकदा बर्गर खायला जाऊ." मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात स्टोअरकीपर आहे. सव्वीस वर्षं सुताचे कोन आणि तयार टॉवेलचे डझन मोजतो. मोजणीत माझी चूक निघत नाही. पण मुलीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला सतरा वर्षांत देता आलं नव्हतं, कारण तो प्रश्न तिला पडेल असं मी कधी काही घडूच दिलं नव्हतं.

ते उत्तर इथं लिहितो.

आमचं गाव अक्कलकोट तालुक्यातलं. निम्मं गाव कानडी बोलतं, निम्मं मराठी. आमची वस्ती गावकुसाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. एसटी स्टँडवर चहाचं एकच हॉटेल होतं आणि ते गावातल्या थोरल्या घराचं होतं. आत बाकडी, कपाट, काचेचे ग्लास. आमच्यासाठी बाहेर, पत्र्याखालच्या कट्ट्यावर चार कप. त्यातल्या एकाचा कान फुटलेला. आपण जायचं, आपला कप उचलायचा, धुवायचा, पुढं धरायचा. वरून चहा ओतला जायचा. कट्ट्याला टेकून उभ्यानं प्यायचा. पिऊन झाल्यावर पुन्हा धुवायचा आणि पालथा घालायचा. पालथा अशासाठी की मालकाला गल्ल्यावरूनच दिसावं, धुतलाय. उताणा कप म्हणजे उष्टा कप.

मी नऊ वर्षांचा असताना एकदा कप धुऊन उताणा ठेवला. मुद्दाम नाही. एसटी आली म्हणून धावलो. गल्ल्यावरून हाक आली ती आईच्या नावानं. मला कुणी हात लावला नाही. आईला राख आणि पाणी घेऊन तो सगळा कट्टा घासायला लावला. स्टँडवर लोक होते. कुणी पान खात होतं, कुणी पेपर वाचत होतं. मी शेजारी उभा होतो. घासून झाल्यावर मालक म्हणाले, "पोराला शिकीव." घरी जाताना आईनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "पालथा घातला की सुटलास. तेवढंच की रं. त्याला काय लागतंय?"

मी शिकलो. इतकं शिकलो की कारखान्यात माझ्या टेबलावर माझा वेगळा स्टीलचा पेला आहे. कुणी ठेव म्हणालं नाही. मीच पहिल्या दिवशी घरून नेला. सगळे कॅन्टीनच्या ग्लासात चहा घेतात, मी माझ्या पेल्यात. धुतो, पालथा घालतो. लोकांना वाटतं, फार स्वच्छ माणूस. मलाही तसंच वाटायचं.

प्रज्ञाला मी गाव सांगितलं ते वेगळं. चिंचा सांगितल्या, ओढा सांगितला, शाळेचा रस्ता सांगितला. हॉटेल गाळलं.

त्या रविवारी तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. अर्धा बर्गर तसाच ठेवून ती आजीचा हात धरून बसली. भिंतीवर मोठा फलक होता: 'आपला ट्रे आपण उचला.' आम्ही आल्यापासून नऊ टेबलं उठून गेली होती. त्यातल्या दोघांनी ट्रे उचलला. बाकीच्यांचे हॉटेलातली कामाची पोरं उचलत होती.

तेवढ्यात एक माणूस आमच्या टेबलाशी आला. चाळिशीचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोबाइल. इतका वेळ तो काउंटरच्या कोपऱ्यात उभा होता. मी त्याला हसणाऱ्यांत धरलं नव्हतं, कारण तो हसला नव्हता. तो मोबाइल समोर धरून होता.

"नमस्कार आजी," तो म्हणाला. "मी इथला मालक. एकच नंबर काम केलंत तुम्ही."

आई लगेच उठून उभी राहिली.

"बसा, बसा. कुठल्या गावच्या?"

आईनं गाव सांगितलं, धाकट्या मुलाचं नावही सांगितलं. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला होता, पण उशीर झाला.

तो थांबला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"म्हणजे आपल्याच गावच्या की! मी थोरल्या घरातला. स्टँडवरचं हॉटेल आमच्या आजोबांचं."

आईचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर डोक्यावर आला. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. समोरचा तिच्या मुलापेक्षा दहा वर्षांनी लहान होता.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "कप पालथा घातलात ना, तेव्हाच वाटलं. लहानपणी सुट्टीत गल्ल्यावर बसायचो मी. बाहेर असेच पालथे असायचे. सात-आठ असतील."

"चार," मी म्हणालो.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"काय?"

"चार होते. एकाचा कान फुटका."

"असतील," तो म्हणाला. खुर्ची ओढून बसला. आता तो माझ्याशी बोलत होता आणि 'तू' म्हणत होता. "ऐक. इथं येणारी पोरं लई माजलीत. ट्रे उचलत नाहीत. फलक लावून उपयोग नाही. मी आजींचा व्हिडिओ काढलाय. बघ, कसला भारी आलाय."

त्यानं मोबाइल आमच्यापुढं धरला. आई पाठमोरी, वाकलेली. कप धुतेय. चालतेय. दार खांद्यानं ढकलतेय. काचेतून दिसतेय, बाहेर पायरीवर वाकलेली.

"ह्याच्यावर लिहायचं, 'आजीकडून शिका.' मोबाइलवर तर टाकूच, पण त्या कचऱ्याच्या डब्याच्या वर आजींचा एवढा मोठा फोटो लावू." त्यानं दोन्ही हात पसरून माप दाखवलं. "आजी हात जोडून उभ्या. येणारा प्रत्येक जण बघंल. काय आजी, चालंल ना?"

आईला कौतुक कळलं. बहात्तर वर्षांत त्या घरातल्या माणसानं तिचं पहिल्यांदा कौतुक केलं होतं. ती लाजली.

"माझं काय थोबाड लावता मालक," ती म्हणाली. "लावा की. तुमचंच हाय."

प्रज्ञानं विचारलं, "आजीनं कप बाहेर का ठेवला, हे तुम्हाला माहीत आहे?"

तो हसून म्हणाला, "जुन्या लोकांना शिस्त होती बाळ."

मला वाटतं, तिथं काहीतरी झालं. छातीत नाही, डोक्यात नाही. ओठांत. मघापासून ताणून धरलेले ओठ सुटले.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"व्हिडिओ टाकायचा नाही. फोटो लावायचा नाही. आत्ता पुसून टाका."

"अरे, कौतुक करतोय मी."

"नको आहे."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो खुर्चीत मागे रेलला आणि काउंटरकडे बघून त्यानं एक बोट हलवलं. हॉलमधलं गाणं बंद झालं. दारावरचा रखवालदार बाहेर उभा होता, तो आत येऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. फक्त यंत्राची गार हवा वाहत होती आणि तळणीचा आवाज येत होता.

"धर्मा तुझा भाऊ ना?" तो म्हणाला.

धर्मा माझा धाकटा. गावातच असतो. मी उत्तर द्यायच्या आधी त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"बोला मालक," धर्माचा आवाज आला.

"धर्मा, तुझी आई आलीय आपल्या सोलापूरच्या हॉटेलात. तिचा एक व्हिडिओ काढलाय, चांगला आहे. टाकू ना?"

"इचारायचं काय त्यात मालक. तुमी म्हनाल तसं."

"तुझा भाऊ नको म्हणतोय."

पलीकडं शेळी ओरडल्याचा आवाज. मग धर्मा म्हणाला, "दादा हाय का तितं? दादा, आरं व्हय म्हन की." थोडं थांबून तो म्हणाला, "उनाळा हाय रं दादा."

उन्हाळा आहे, म्हणजे काय, ते सांगतो. वस्तीचा हापसा मार्चमध्ये आटतो. मग जूनपर्यंत वस्ती थोरल्या घराच्या मळ्यातल्या मोटारीवर पाणी भरते. सकाळी एक तास. अकरा घरं. घरटी आठ घागरी धरल्या तर अठ्ठ्याऐंशी घागरी. ती मोटार कुणाच्या बोटानं चालू होते, हे वस्तीतल्या रांगत्या लेकरालाही ठाऊक आहे.

त्यानं फोन बंद केला. माझ्याकडे बघत राहिला. आईनं माझ्या दंडाला धरलं.

"दे की रं," ती हळूच म्हणाली. "फोटूनं काय झिजतंय मी? धर्माची लेकरं हायत."

मी उठून उभा राहिलो. मी आजवर कुठल्याही हॉलमध्ये उभा राहून बोललेलो नाही. कारखान्यातल्या बैठकीतही कागद पुढं सरकवतो. पण त्या दिवशी मी त्या सात जणांकडे तोंड केलं. पोरं मोबाइलवर बघत होती. बाईच्या हातात बर्गर होता.

"ही माझी आई," मी म्हणालो. "हिनं कप धुतला ती शिस्त नाही. ह्यांच्या आजोबांच्या हॉटेलात आमच्यासाठी चार कप बाहेर ठेवलेले होते. आम्हाला आत जायला बंदी होती. पिऊन झालं की धुवून पालथा घालायचा. हिनं पंचवीस वर्षं घातला. एकदा मी चुकलो तर हिला भर स्टँडवर कट्टा घासायला लावला. आज हिला वाटलं, इथंही तसंच असेल. म्हणून ती बाहेर जाऊन ठेवून आली. तुम्ही ज्याला हसलात ते हे. आणि मीही हसलो."

बाईनं बर्गर खाली ठेवला नाही, तोंडातही घातला नाही. एका पोरानं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. बस, एवढंच. कुणी उठून आमच्याजवळ आलं नाही.

"जुन्या गोष्टी झाल्या त्या," मालक म्हणाला. "आता कोण पाळतं?"

"तुम्हाला पालथा कप बघून गाव ओळखता आलं," प्रज्ञा म्हणाली. "आणि तरी कचऱ्याच्या डब्यावर लावणार होता."

त्यानं तिच्याकडे नीट बघून घेतलं. चेहरा लक्षात ठेवावा तसं. मग मोबाइल उचलून आमच्यासमोर तो व्हिडिओ पुसला.

"झालं समाधान?"

आम्ही निघालो तेव्हा रखवालदार पटकन बाजूला झाला नाही. त्यानं मालकाकडे बघितलं, मालकानं मान हलवली, मग तो सरकला. मागून आवाज आला, अगदी मऊ.

"गावाकडं जातोस की अधूनमधून. भेटूच."

बसस्टॉपवर उन्हात उभं राहून मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. हॉटेल, कट्टा, राख. माझा कारखान्यातला पेलाही सांगितला. आई ऐकत होती. ती म्हणाली, "पोरीला कशाला सांगतोस हे?" बस आल्यावर चढता चढता म्हणाली, "म्हंजे ती समदी मला हसत हुती व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

"आन मालक?"

"तो हसत नव्हता. व्हिडिओ काढत होता."

पाच दिवसांनी कारखान्यात पॅकिंगमधल्या एका बाईनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "हे तुमच्या आई ना, भाऊ? किती गोड!" वर लिहिलं होतं, 'आजीकडून शिका.' मागे बासरी लावली होती. खाली शेकडो लोकांनी हात जोडले होते. पुसलेला व्हिडिओ पुसलेला नव्हता, किंवा आणखी कुणीतरी काढला होता. ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी मालकाला लेखी कळवलं की हा काढा, नाहीतर तक्रार करीन. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माचा फोन आला.

"दादा, मोटार बंद हाय."

"बिघडलीय?"

"बिघडली न्हाय." तो दम खात होता. "गड्यानं सांगितलं, सोलापूरच्या भावाला इचार. दादा, तुझं काय जातंय रं तितं बसून? नळ हाय तुझ्या दारात. एकदा जा, पाय धर, माफी माग. बायका शिव्या देलाल्यात मला."

अकरा घरं माझ्या एका शब्दावर कोरडी पडली होती आणि माझ्या दारात खरंच नळ होता. तो नळ मी त्या क्षणी बघत होतो. धर्मा चुकीचं बोलत नव्हता.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"धर्मा," ती म्हणाली. "दोन मैलांवर बांधातली हीर हाय. तितनं आना."

"आई, दोन मैल!"

"मी आनलंय. तू पोटात असताना आनलंय. मी उद्याच्याला येते, मी बी भरते. पर दादानं माफी मागायची न्हाय. मी व्हय म्हनले हुते त्या मालकाला. माझ्या तोंडानं म्हनले हुते. आता न्हाय म्हनते."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "कुटं तक्रार करायची असती, तितं चल. मग मला एसटीत बसीव."

हे परवाचं. काल आम्ही तिघं चौकीत गेलो. हवालदारांनी व्हिडिओ दोनदा बघितला. सगळं ऐकून घेतलं. चांगले बोलले. आईला पाणी दिलं.

"ह्यात शिवी कुठं आहे?" ते म्हणाले. "जातीचं नाव घेतलंय का? नाही. मारहाण? नाही. कौतुकच केलंय की आजीचं. आता मी गुन्हा काय म्हणून लिहू?"

"शिवी दिली असती तर परवडली असती साहेब," आई म्हणाली.

"मोटारीचं म्हणाल तर ती त्यांची खाजगी." त्यांनी आवाज खाली आणला. "मोठी माणसं आहेत. गावात तुमचा भाऊ एकटा. पोरगी कॉलेजला एकटी जाते-येते. सगळा विचार करा. दोन दिवसांनी या."

पोरगी कॉलेजला जाते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आईनं नाही, प्रज्ञानंही नाही. प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. तिच्याही लक्षात आलं होतं. भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. मी तिला विचारलं, "जायचं का घरी?"

ती म्हणाली, "नाही."

"लिहून घ्या साहेब," मी म्हणालो. "माझं पूर्ण नाव, आईचं पूर्ण नाव, गाव, जात. चहाच्या हॉटेलापासून लिहा. भावाला लावलेला फोन लिहा. मोटार लिहा. आणि माझ्या मुलीचं कॉलेज तुम्हाला कुणी सांगितलं, तेही लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी खुर्ची पुढं ओढली. आईला बसवलं, प्रज्ञाला बसवलं, मग मी बसलो. हवालदार आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. ते पेन उचलेपर्यंत आम्ही उठणार नव्हतो. काल त्यांनी उचललं नाही. चौकीतून आम्हाला बाहेर काढलं.

आज पुन्हा जातोय. वरच्या साहेबांकडे, त्यांच्या वरच्या साहेबांकडे, तिथून कोर्टात. आई गावाला पाणी भरायला गेलीय. तिचा अंगठा मी कागदावर आधीच घेऊन ठेवलाय. माझं काय होईल, मला माहीत नाही. धर्मा माझ्याशी बोलेल की नाही, तेही माहीत नाही. पण माझ्या आईचं तोंड कुणाच्या कचऱ्याच्या डब्यावर लागणार नाही. लागलं, तर मी माझ्या हातानं फाडीन. भर दुपारी, माणसांनी हॉटेल भरलेलं असताना, माझं नाव सांगून.